सांगून घेतलेली झडती

शिवणकामाच्या कारखान्याच्या मागच्या दारात एक लाकडी स्टूल होतं आणि स्टुलावर झडतीकाकू. त्यांचं खरं नाव कुणाच्या लक्षात नव्हतं. सुटीचा भोंगा झाला की बायका रांगेनं यायच्या, पिशव्या उघडायच्या आणि काकू आत हात घालून चाचपायच्या. रिकाम्या डब्याचं झाकणसुद्धा सोडायच्या नाहीत. एकदा एकीच्या अंबाड्यातून लेसचं गुंडाळं निघालं, तेव्हापासून अंबाडेही सुटले नाहीत; कुणाचा कधी, ते मात्र आधी सांगायच्या नाहीत.

संशय हा त्यांचा धंदा. आणि धंदा काही चपलांसारखा घराच्या दारात काढून ठेवता येत नाही. दूधवाला पाणी घालतो, सून चहात साखर चोरते, शेजारीण आपलाच झाडू वापरते. अलीकडे जिना चढताना काकूंना धाप लागायची, छातीत कबुतर अडकल्यासारखी फडफड व्हायची. त्यावर त्यांचं म्हणणं, "घरमालकानं पायऱ्या उंच केल्यात. आपण कामाला गेलो की करतो."

मग कारखान्यात तब्येतीची तपासणी आली. नर्सबाईंनी काकूंचं मनगट धरलं, घड्याळ बघितलं, भुवया आवळल्या, पुन्हा धरलं.

"काकू, नाडी नीट चालत नाही हो. मध्येच थांबते, मध्येच धावत सुटते. दवाखान्यात दाखवा."

काकूंच्या मनात पाल चुकचुकली. मॅनेजरची मेहुणी कधीपासून त्या स्टुलावर डोळा ठेवून होती. घरी आल्या आल्या म्हणाल्या, "हात धरायचा नाडीला आणि ओढायचं स्टूल! सगळं कळतं मला."

"पण दाखवून यायला काय जातं, आई?" सून म्हणाली.

"तुलाही मी घरी बसलेली हवीय वाटतं."

"मला? तुम्ही घरी बसलात तर दिवसभर माझ्या डब्यांची झडती!"

खाटेवरून थोरली हसली. थोरली म्हणजे काकूंची सख्खी बहीण. गेल्या वर्षी तिला अर्धांगाचा झटका आला, उजवा हात लुळा पडला, बोलणं जड झालं. घास तोंडात राहत नाही, म्हणून काकू रोज तिला भरवायच्या. तिच्याकडे बघितलं की काकूंच्या मनात यायचं, उद्या आपलाही हात असाच पडला, तर हिला कोण भरवणार? म्हणूनच, पुटपुटत का होईना, त्या दवाखान्यात गेल्या.

डॉक्टरबाई प्रश्न विचारू लागल्या.

"वय?"

"कारखान्यात सांगितलेलं की खरं?"

"खरं."

"अडुसष्ट."

"बीपी, साखर?"

"दोन्ही आहेत."

"घोरता का?"

"नाही," काकू म्हणाल्या.

"भांडी वाजतात फळीवरची," सून म्हणाली.

काकूंनी तिच्याकडे असं बघितलं की दुसरी असती तर तिथंच पिशवी उघडून दाखवली असती. "एवढी चौकशी कशाला? नाडी बघायची ती बघा."

"नाडी अशी कुणाची बिघडते ते बघतेय, काकू. तरुणपणी क्वचितच, वयाबरोबर वाढत जातं. ऐंशी ओलांडलेल्या दहाजणांत एखाद्याला तरी असतंच. बीपी, साखर, लठ्ठपणा, थायरॉइड, आधीचं हृदयाचं दुखणं, दारू, झोपेत घोरता घोरता श्वास अडकणं, घरात कुणाला असणं, यानं धोका वाढतो. कित्येकांना तर पत्ताही लागत नाही. हृदय नुसतं थरथरत राहिलं की आत रक्ताची गुठळी होते. ती मेंदूत गेली की झटका."

ईसीजी काढला. कागदाची पट्टी अगदी चोख आली, एक ठोका इकडचा तिकडे नाही.

"बघा!" काकू टुणकन उठल्या. "मी म्हटलंच होतं, यात कुठंतरी पाणी मुरतंय."

"आज सापडलं नाही म्हणजे नाहीच असं नाही. हे येतं आणि जातं. दिवसभर छातीला तारा लावून कमरेला डबी बांधून ठेवू, ती एकेक ठोका टिपत राहील."

"माझ्यावर पाळत? नको." आणि काकू तरातरा निघाल्या.

घरी त्यांनी थोरलीला भरवता भरवता सगळं रंगवून सांगितलं. थोरलीनं घास गिळला आणि जड जिभेनं एकेक शब्द काढला, "झटक्याआधी... माझी पण... पट्टी... चांगलीच आली होती. मी पण... नाचत घरी आले."

काकूंचा हात ताटातच राहिला. "हे मला कधी सांगितलं नाहीस, ताई."

"तू... विचारलं नाहीस. तू दारात... आधी सांगून... झडती घेतेस का गं?"

दवाखान्यातली पट्टी म्हणजे सांगून घेतलेली झडतीच की! झडती आहे कळलं की अट्टल चोरटीसुद्धा सासरी निघालेल्या नवरीसारखी मान खाली घालून जाते, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? जन्मभर साऱ्या गावाला तपासलं आणि चोर बसला होता आपल्याच बरगडीआड.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून डबी कमरेला बांधून घेऊन त्या स्टुलावर बसल्या. डबीवरही संशय होताच, दर थोड्या वेळानं पदराखाली हात घालून ती चालू आहे ना ते बघायच्या. डबीनं चोर पकडला तो दुपारी, काकू निवांत चहा पीत असताना.

"काढून टाका मेल्याला," त्या डॉक्टरबाईंना म्हणाल्या.

"याला कामावरून काढता येत नाही, काकू. ताब्यात ठेवायचं. तुमचं वय, बीपी, साखर बघता गुठळी होऊ नये म्हणून गोळी रोज घ्यायची. चुकवायची नाही, आपल्या मनानं बंदही करायची नाही."

थोरलीचीही तीच गोळी होती. आता जेवण झालं की दोघी बहिणी खाटेवर समोरासमोर बसतात.

"आ कर," काकू म्हणतात. "जीभ उचल. गालात नाही ना ठेवलीस?"

थोरली वाकड्या तोंडानं हसते आणि डाव्या हातानं धाकटीची हनुवटी धरते.

"आता... तू कर."