रिकाम्या सुईचं औषध

मंगळवारी बायकोचा हात डोक्यापर्यंत पोचेना. तिने कंगवा माझ्या हातात दिला आणि पाठ करून बसली.

नव्वद सालच्या आसपासची गोष्ट. आम्ही डोंबिवलीत राहायचो. ती प्राथमिक शाळेत शिकवायची आणि वीस वर्षं फळ्याच्या अगदी वरच्या कडेपासून लिहीत आली होती. मी ग्रंथालयात नोकरीला होतो. पुस्तकं क्रमाने लावणं मला जमायचं. केसांचे तीन पेड मात्र माझ्या हातात आले की त्यांचे पाच व्हायचे.

"अहो, वेणी घालताय की सुतळी वळताय?"

"हलू नकोस."

"मी कुठे हलतेय? तुम्हीच ओढताय."

माझी वेणी बघून शाळेत एका मुलीने तिला विचारलं, "बाई, तुम्ही पडलात का?" त्या दिवशी जेवताना, भाताकडे बघत ती म्हणाली, "महिनाभर वाट बघते. हात वर गेला नाही तर केस कापून टाकते." तिचे केस कमरेच्या खाली होते.

हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला, हाड उत्तम आहे म्हणाले आणि गोळ्या दिल्या. तेल झालं, शेक झाला, बामाच्या वासाने घर भरलं. मग शाळेतल्या एकीने ठाण्याच्या डॉक्टरीणबाई सुचवल्या. खोपटला, एसटी डेपोच्या मागे त्यांचा दवाखाना होता. त्यांनी अंगठ्याने खांद्यामागे चाचपलं. एका जागी दाबताच बायको ओरडली. कळ थेट कोपरापर्यंत गेली होती.

"सापडली," डॉक्टरीणबाई खुशीत म्हणाल्या. "स्नायूचा हा पट्टा दोरीसारखा ताणलाय आणि त्यात वाटाण्याएवढी गाठ आहे. ती सैल झाल्याशिवाय हात वर जायचा नाही."

त्यांनी केसासारखी बारीक सुई काढली. बायकोने मान वळवून सुईकडे पाहिलं. परीक्षेत कॉपी पकडताना ती असंच बघत असे.

"डॉक्टर, औषध भरायचं राहिलं."

"यात औषध नसतं. नुसती सुई."

"नुसती?"

"नेमकी गाठीत गेली की स्नायू झटका देतो आणि मग ढिला पडतो. काम सुईचंच आहे."

सुई आत गेली आणि कातडीखाली काहीतरी टुणकन उडालं. उथळ पाण्यात मासळीने शेपटी मारावी तसं. "आई गं!" बायको म्हणाली. डॉक्टरीणबाईंनी सुई जराशी मागेपुढे केली. पुन्हा उडी, मग लहान उडी, मग काहीच नाही.

"उद्या मार खाल्ल्यासारखं दुखेल. परवा हात वर करून बघा. अजून दोनदा यायचंय."

दुसऱ्या दिवशी खरंच दुखलं, आणि बोलणी मी खाल्ली. तिसऱ्या दिवशी हात कानापर्यंत गेला.

आमच्या मजल्यावर आजाऱ्याला बघायला जायचं आणि कुठलं इंजेक्शन दिलं ते विचारायचं, अशी पद्धत होती. शेजारच्या वहिनी आल्या, बसल्या, म्हणाल्या, "कसलं दिलं हो बाई?"

आता रिकामी सुई टोचून घ्यायला आपण ठाण्याला गेलो, हे कुठल्या तोंडाने सांगणार? खोटं बोलणाऱ्या पोरांना आयुष्यभर बाकावर उभी करणारी माझी बायको म्हणाली, "बाहेरचं आहे. जर्मनीचं."

मी पेपर खाली केला. तिने माझ्याकडे पाहिलं. मी पेपर वर केला.

दुसरी खेप झाली. तिसऱ्या खेपेला दवाखान्यात शिरलो, तर बाकावर आमच्या इमारतीतल्या पाच बायका, पुढे वहिनी. डॉक्टरीणबाई दारातच उभ्या होत्या.

"या बाई, तुमचीच वाट बघतेय. हे जर्मनीचं काय आहे? या बायका औषधाची बाटली दाखवा म्हणून अडून बसल्यात. आधी यांना खरं सांगा. त्याशिवाय तुम्हाला सुई नाही."

बायकोचा हात तेव्हा कपाळापर्यंत येत होता, महिना संपायला चार दिवस होते. तिने पदर सारखा केला. "औषध नव्हतं. मी खोटं बोलले."

मग वहिनी शेजारणीला म्हणाल्या, "सांगायची बंदी केली असणार."

"एकच बाटली उरली असेल," दुसरी म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी सरळ पडदा बाजूला केला आणि सगळ्यांसमोर सुई टोचली. पाच बायका माना लांब करून बघत होत्या. स्नायू एकदाच, अगदी जरासा उडाला. बायकोने हात वर नेला, थांबली, आणखी वर नेला. माझी वेणी सोडली, आकडे दातांत धरले आणि अंबाडा घातला. वेळ लागला, पण घातला.

वहिनी म्हणाल्या, "बघा! बिनऔषधाचं असं होतं होय?"

परतताना बायको म्हणाली, "खांद्यात एक गाठ होती. केसांत तुमच्या सात निघाल्या."

केस तिने कापले नाहीत. मला मात्र सकाळी पंधरा मिनिटं मोकळी मिळू लागली आणि त्यांचं काय करावं ते कळेना.

ती गेली त्याला सहा वर्षं झाली. मजल्यावरची बहुतेक घरं विकली गेली, नवी माणसं आली. वहिनी ऐंशीच्या पुढे आहेत, आणि कुणाचा खांदा दुखला की आमच्या बाईंना जर्मनीच्या औषधाने कसा गुण आला ते सांगतात. मी दुरुस्त करत नाही. तिच्याबद्दल बोलणारे या इमारतीत आम्ही दोघंच उरलो आहोत.