पाच रोल, हातानं तपासलेले

हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. शेजारच्या काकांचे फिल्मचे पाच रोल मी खराब केले आणि वर खोटं बोललो.

काका खडकीतले निवृत्त फोटोग्राफर. सगळे मोबाइलवर फोटो काढू लागले, तरी यांचा रोलचाच कॅमेरा. रोल न्हाणीघरात अंधार करून स्वतः धुवायचे. विमानतळावर तपासणीपाशी पोचले की रोलची पिशवी उंच धरायचे. "अहो, हातानं तपासा. मशिननं फिल्म खराब होते!" अशा माणसाच्या मागं रांगेत तुम्हीही कधी चरफडला असाल. मी तर त्यांच्या सोबत असायचो.

एकदा लोहगाव विमानतळावर तरुण जवानानं रोल कानाशी नेऊन हलवला. काका म्हणाले, "घड्याळ नाहीये ते." मागून कुणी कुरकुरलं, तर वळून, "रुमाल टाकून जागा धरायची नाहीये, साहेब. सीटचा नंबर तिकिटावर छापलाय तुमचा."

त्या खेपेला आम्ही दिल्लीला त्यांच्या थोरल्या बहिणीकडे गेलो. काकांनी चार दिवस तिचेच फोटो काढले. लोणच्याची बरणी उघडताना, काकांनाच दटावताना. परतताना काकांचे गुडघे दुखायला लागले, म्हणून विमानतळावर चाकाची खुर्ची मागवली. रोलची पिशवी माझ्या हातात देत काका म्हणाले, "खुर्चीत बसून हुज्जत घालायला रुबाब येत नाही. आज तू घाल. आणि सामानात द्यायच्या मोठ्या बॅगेत टाकू नकोस, तिथलं मशिन फार जोरकस."

परक्या माणसाशी दोन शब्द जास्त बोलायचे तरी मला घाम फुटतो. काकांची खुर्ची पुढं गेली आणि मी पिशवी मोठ्या बॅगेतच सरकवली. बॅग पट्ट्यावरून आत गेली.

"हातानं तपासलं ना?"

"हो."

"भांडलास?"

"थोडंसं."

"शाबास!" काकांनी खिडकीची जागा मला दिली.

रोल धुतले, तर सगळ्या फोटोंवर करडे पट्टे. बहिणीचा चेहरा एकातही धड नाही. काका म्हणाले, "तू हातानं तपासून आणलेस, म्हणजे चूक माझीच. कुठंतरी उजेड लागला. हात गेला माझा." आणि कॅमेरा मला दिला. "तू ठेव. तू भरवशाचा."

आता ते वाघोलीला मुलीकडे असतात. फोनवर विचारतात, "काढतोस ना फोटो?" दिल्लीची बहीण ठणठणीत आहे, यंदाही तिनं लोणचं घातलंय.

मी काकांचं देणं लागतो ते एवढंच: त्यांचा कॅमेरा, आणि त्यांचा हात चांगला होता हे त्यांच्यासमोर बसून सांगणं.