भुरकेबुवांचे मौन

चहाच्या त्या घाऊक पेढीत त्यांचे खरे नाव ठाऊक असलेली माणसे फारशी उरली नव्हती. वरच्या मजल्यावर, मोठ्या खिडक्यांच्या खोलीत, लांब ओट्यावर पांढऱ्या वाट्यांची ओळ मांडलेली असे आणि हातात चमचा घेऊन ते त्या ओळीच्या कडेने संथपणे सरकत असत. चमचा ओठांशी जाई आणि असा काही भुरका उठे, की खाली खोकी रचणारे हमाल हसून म्हणत, "वाजला बुवांचा शंख!" त्यावरून ते भुरकेबुवा झाले, आणि ती उपाधी त्यांनीही प्रसन्नपणे धारण केली.

भुरका हा असभ्यपणा नव्हे, ती एक विद्या आहे. रसनेला स्वतःहून कळते ते मोजकेच: गोड, कडू, तुरट असे काही. उरलेले सारे वैभव घ्राणेंद्रियाच्या अधिकारातले. चहा हवेसकट वेगाने आत ओढला की त्याचे तुषार होतात, गंध घशामागून नाकात चढतो, आणि पान कसे वाढले, कसे भाजले, हे एका श्वासात उलगडते. मग घोट पिकदाणीत टाकून बुवा निकाल देत. मात्र विद्या अंगी मुरली की ती स्थलकाल पाहत नाही. घरी सूप असो, सरबत असो की खोकल्याचे औषध, भुरका ठरलेला.

म्हणूनच लेकीच्या भावी सासरी पहिल्यांदा जायचे ठरले, तेव्हा लेकीने त्यांना जिन्यातच अडवले.

"बाबा, आज भुरका नाही. थुंकणं नाही. आणि निकाल तर मुळीच नाही. शब्द द्या."

"अगं, पण चहा असला तर?"

"असला तर माणसासारखा प्या."

"दिला बाई शब्द," बुवा म्हणाले. पत्नी मागून पुटपुटली, "मला लग्नाआधी हे सुचलं असतं तर!"

मुलाची आई कोट शिवणारी होती. खाली दुकान, वर घर. एकटीने मुलाला वाढवले होते आणि त्याच हातांनी अर्ध्या गावाचे कोट बेतले होते. तिने सर्वांना खिडकीजवळच्या टेबलाशी बसवले आणि एका डब्याचे झाकण उघडले. आत सिलोनचा सुटा हिरवा चहा होता, घट्ट वळलेल्या पानांचा. बुवांच्या नाकपुड्या नकळत फुलल्या. लेकीने टेबलाखालून पाय दाबला.

"तुम्ही येणार म्हणून आठवडाभर सराव करतेय," ती बाई म्हणाली. "सुरुवातीला नुसता कडू काढा व्हायचा."

"आणि तो मी प्यायचो," मुलगा म्हणाला. "आतून हिरवा झालोय मी."

बुवा तिच्या हातांकडे पाहत राहिले. उकळी येताच तिने किटली उतरवून झाकण काढले, पाण्याचा आवेग शमू दिला. रिकामे पेले आधी गरम केले. मग पाणी पानांवर सोडले, तेही काठाकाठाने, पाने दुखावणार नाहीत असे. चहापात्रात ती घट्ट वळलेली पाने हळूहळू अंग मोकळे करू लागली. पेल्यात फिकट सोनेरी, किंचित हिरवट छटेचा रस उतरला, तेव्हा बुवांना गहिवरून आले.

त्यांनी पेला उचलला. लेकीकडे पाहिले. आणि ओठ मिटून, निःशब्दपणे, एक घोट घेतला.

काहीच कळले नाही. जिभेवरून ऊन पाणी गेले, एवढेच. बुवांनी दुसरा घोट घेतला, तोही मुका. देवळाच्या दारातून दर्शनावाचून परतल्यासारखा त्यांचा चेहरा झाला.

कोट शिवणाऱ्या बाईने पेला खाली ठेवला. "बिघडला ना?"

"छे, छे! उत्तम आहे."

"उत्तम असता तर ऐकू आलं असतं," ती खिन्नपणे म्हणाली. "हा सांगत होता, चांगला चहा असला की तुमचा आवाज तीन खोल्यांपलीकडे जातो. गिऱ्हाईक आरशासमोर गप्प उभं राहिलं, की मी समजून जाते कुठंतरी चुकलंय."

लेकीचे कान लाल झाले. ज्या घरात मान राखण्यासाठी तिने बापाचे तोंड बांधले होते, त्याच घरची माउली त्यामुळे दुखावली होती.

"काकू, चूक माझी आहे. मीच त्यांच्याकडून न भुरकण्याचा शब्द घेतला होता." मग ती वडिलांकडे वळली. "घ्या बाबा. मोकळे आहात तुम्ही. फक्त गिळा हं."

बुवांनी पाठ ताठ केली, डोळे मिटले. भुरका असा उठला की खिडकीवरचे कबूतर उडाले.

"आहा! आधी भाजक्या बदामाचा वास. मग नुकत्याच कापलेल्या गवताचा. शेवटी जराशी गोडी. पाणी अगदी अचूक! फक्त..."

"बाबा!"

"बोलू दे गं त्यांना," बाई पुढे सरसावली. "फक्त काय?"

"शेवटाला तुरट कड आहे. पानं पाण्यात थोडी जास्त राहिली."

"राहणारच!" तिने टेबलावर हात आपटला. "तुमच्या कोटाचा डावा खांदा कुणी बसवलाय हो? आल्यापासून माझी नजर तिथून हलत नाही. त्याच्याकडे बघता बघता चहा गाळायला उशीर झाला."

"आई!" मुलगा कळवळला. "कुणाच्या कपड्यांबद्दल बोलणार नाहीस, असं कबूल केलं होतंस ना!"

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिले, आणि जो हशा उसळला, त्यात लेकीला डोळे पुसावे लागले.

त्यानंतर बैठकीला काही शिस्त उरली नाही. बुवांचा कोट उतरला, बाईने खांद्याची शिवण उसवली. बुवांनी त्याच पानांवर स्वतः दुसरे पाणी घातले, कारण अशा पानाचे खरे मार्दव पुष्कळदा दुसऱ्या पाण्यात प्रकटते. तरुण मंडळी केव्हा फिरायला बाहेर पडली, हे कुणाच्या ध्यानातही आले नाही.

"अहो, पण लग्नाचं काय ठरलं?" पत्नीने अखेर विचारले.

बुवांच्या तोंडात चहा होता. विहीणबाईंच्या ओठांत टाचण्या होत्या. दोघांनीही एकाच वेळी बोट वर करून तिला थांबायची खूण केली.