क्लिवोनची उघडी छाती

बु लासियेम, म्हणजे आमच्या गल्लीतल्या काढेवाल्या बाई, एका सकाळी माझ्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसल्या. पाठीवरची बाटल्यांची टोपली त्यांनी खाली ठेवली, कमरेला खोचलेला केळीच्या पानाचा पुडा काढला आणि माझ्यासमोर उघडला. आत पिसं होती. काळी, तांबूस, बारीक बारीक.

"मास जुमेनो, ही गळाली की उपटली?"

मी पिंजऱ्यांच्या खोळी शिवतो. सोलो शहरात ज्याच्या ओसरीवर पक्षी नाही त्या पुरुषाला अर्धाच धरतात, त्यामुळे माझं घर बरं चालतं, आणि चाळीस वर्षांत पक्षी पाहून पाहून थोडंफार कळायलाही लागलं आहे. मी एक पीस उचललं. देठाच्या टोकाला वाळलेलं रक्त होतं.

"उपटली," मी म्हणालो.

"कुणी?"

"त्यानंच."

त्यांनी पुडा बांधला, टोपली पाठीवर घेतली आणि हळद-चिंचेचा काढा विकायला बाजाराकडे निघून गेल्या.

तो पक्षी म्हणजे क्लिवोन. लांब शेपटीचा मुराई, गाण्यासाठी पाळतात तो. बु लासियेमच्या नवऱ्याने, पाक सामिजाननी, तो आमच्या पाच दिवसांच्या आठवड्यातल्या क्लिवोन या बाजारदिवशी आणला म्हणून हे नाव. सामिजान सायकलरिक्षा चालवायचे. पक्ष्यांच्या गाण्याच्या स्पर्धेत त्यांचा पक्षी कधी पहिला आला नाही, पण सकाळी तो गायला लागला की समोरून जाणारा माणूस पाऊल आवरायचा. सामिजान छातीच्या दुखण्याने गेले. त्यांच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला सगळी गल्ली जमली होती, तेव्हा पक्षिमंडळाचे अध्यक्ष पाक प्रानोतो हात न धुताच म्हणाले, "बु, मुराई बाईमाणसाच्या हाती टिकत नाही. माझ्याकडे देऊन टाका."

बु लासियेम भात वाढत होत्या. "पाक, आधी पानातला भात संपवा," एवढंच त्या म्हणाल्या, आणि पुढच्या पानाकडे वळल्या.

त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी हा पिसांचा पुडा.

आणि मग सल्ले सुरू झाले. आमच्या गल्लीत ताप आला तर एक माणूस औषध सांगेल, पक्ष्याला शिंक आली तर वीस सांगतील. कुणी म्हणालं, मालकाचा शोक करतोय, सोडून द्या. कुणी म्हणालं, अंगात उष्णता झाली. बाजारातल्या पक्षीवाल्याने सांगितलं, ताकद कमी पडतेय, खाण्यातले नाकतोडे दुप्पट करा आणि दिवसभर खोळ घालून ठेवा. बाईंनी नाकतोडे दुप्पट केले. खोळ मीच शिवून दिली, जाड काळ्या कापडाची. क्लिवोन आणखीच पेटला. आधी नुसती छाती उपटत होता, आता पंखाखालचंही सोलायला लागला.

एकदा बाईंनी स्वतःच्या विद्येवर भरवसा ठेवून हळद उगाळून त्याच्या छातीला लावली. माणसाच्या जखमेला लागू पडते ती पाखराला का नाही पडणार? त्या चिकट लेपाने उरलेली पिसं एकमेकांना चिकटली आणि त्याने ती मुळापासून उपसून काढली. तो पिवळा, रक्ताळलेला जीव पाहून बाई ओसरीवर बसून रडल्या. मी त्यांना रडताना पाहिलं ते तेवढंच. सामिजान गेले तेव्हाही नव्हत्या रडल्या.

"मास," त्या मला म्हणाल्या, "मी सगळ्यांचं ऐकलं, हीच चूक झाली. आता ज्याला कळतं त्याचंच ऐकणार."

दुसऱ्या दिवशी टोपली घरी ठेवून, पिंजरा मांडीवर घेऊन त्या बसने शहराच्या दुसऱ्या टोकाला गेल्या. तिथे एस्ती नावाची एक पशुवैद्य मुलगी पक्षी पाहते असं त्यांना गिऱ्हाइकाकडून कळलं होतं. बसमधल्या एकाने नाक मुरडून विचारलं की हा रश्शासाठी सोललाय का. बाईंनी त्याला विचारलं, तुमच्या आईने तुम्हाला आजारपणात कुठल्या रश्शात घातलं होतं? तो पुढच्या थांब्यावर उतरून गेला.

डॉक्टर एस्तीने आधी पिसाचं मूळ आणि कातडीचा कोंडा भिंगाखाली तपासला. पिसवा नाहीत, किडे नाहीत. मग तिने असे प्रश्न विचारले जे वीस सल्लागारांपैकी कुणीही विचारले नव्हते. दिवसात उजेड किती वेळ मिळतो? आंघोळ कधी घालता? पिंजरा कुठे टांगता? आणि तिथून त्याला समोर काय दिसतं?

समोर काय दिसतं, यावर बाई थबकल्या. समोर प्रानोतोंची माडी. माडीच्या कठड्याला त्यांचा सेनोपाती, सहा करंडक जिंकलेला मुराई. सामिजान असताना तो मागच्या अंगणात असायचा. ते गेल्यावरच प्रानोतोंनी त्याला पुढे आणला होता.

एस्ती म्हणाली, "बु, हा पक्षी मुळात एकटा राहणारा. समोर दिवसभर दांडगा गडी छाती काढून ओरडतोय, याला पळता येत नाही, लढता येत नाही. वर खोळीत अंधार, पोटात नाकतोड्यांची आग. तो राग कुणावर काढणार? स्वतःवरच काढतोय."

तिने जखमेसाठी औषध दिलं, नाकतोडे निम्म्यावर आणायला सांगितलं, रोज सकाळी पाणी आणि कोवळं ऊन, आणि समोरचा पक्षी नजरेआड. बाईंचं घर पुढून उघडं, मागे भिंतीला भिंत. पिंजरा हलवायला दुसरी जागाच नव्हती. आणि एस्तीने हेही सांगितलं की छातीची मुळं फार दुखावली आहेत, तिथे पिसं कदाचित कधीच येणार नाहीत.

बाई परतल्या त्या थेट प्रानोतोंच्या दारात. सेनोपातीला पुन्हा मागच्या अंगणात टांगा, अशी त्यांनी विनंती केली. प्रानोतो हसले. समोर प्रतिस्पर्धी असला की पक्ष्याचा गळा तयार होतो, ते म्हणाले. सेनोपातीला सरावाला कुणीतरी लागतंच. आणि तुमच्या सोललेल्या कोंबडीसाठी मी माझा पक्षी का लपवू?

ही गोष्ट बाईंनी मला जशीच्या तशी सांगितली, आवाज न चढवता. मग विचारलं, बांबूची चांगली चटई कुठे मिळते?

तीन दिवसांत त्यांच्या ओसरीच्या पुढच्या बाजूला, जमिनीपासून वाशापर्यंत, चटईचा पडदा उभा राहिला. खांब त्यांनी स्वतः रोवले. खोळ काढून टाकली. प्रानोतोंनी गल्लीप्रमुख पाक मुगियोनोंकडे तक्रार केली की स्वातंत्र्यदिनाची ‘सुंदर गल्ली’ स्पर्धा तोंडावर आहे आणि ही बाई भर गल्लीत कोंबड्यांचं खुराडं उभारते आहे.

रविवारी सकाळी सभा भरली. सगळे पुरुष, आणि त्यात बु लासियेम एकट्या, ठेवणीतली नक्षीदार केबाया चोळी घालून. प्रानोतो बराच वेळ बोलले. मुगियोनो भला माणूस, पण कुणालाच दुखवायचं नाही असं त्याचं चालतं. तो म्हणाला, "बु, गल्ली सगळ्यांची आहे. स्पर्धेपुरता तरी तो पडदा उतरवा."

बाई उठून उभ्या राहिल्या.

"गल्ली सगळ्यांची, पाक. ओसरी माझी. माझा माणूस गेला तेव्हा तुम्ही सगळे आलात. माझ्या हातचं जेवलात आणि जाताना एकूण एक जण म्हणालात, काही लागलं तर सांगा. सात महिने मी काही मागितलं नाही. आज सांगते. मला हा पडदा लागतो."

त्या वाक्याने प्रत्येकाला आपलं दारातलं बोलणं आठवलं असणार. मला तर आठवलंच.

"आणि सुंदर दिसण्याचं म्हणाल," त्या पुढे म्हणाल्या, "तर आधी ज्याने माझ्या पाखराची ही दशा केली त्याला माडीवरून उतरवा. मग मी पडदा उतरवते."

प्रानोतो ताडकन उठले. माझ्या पक्ष्यावर आरोप करता, असं म्हणाले. बाई म्हणाल्या, पक्ष्यावर नाही. पक्षी बिचारा गातो. कुठे टांगायचं ते पक्षी नाही ठरवत.

खरं सांगतो, मी त्या सभेत तोंड उघडलं नाही. मंडळाच्या सगळ्या खोळी प्रानोतोंमार्फत माझ्याकडे येत होत्या. मुगियोनोने विषय पुढच्या सभेवर ढकलला आणि पुढच्या सभेत तो कुणी काढला नाही. मला मात्र त्या दिवशी घरी जाऊन जेवण गेलं नाही. दुपारी मी पांढरं पातळ कापड घेऊन बाईंच्या ओसरीवर गेलो आणि चटईला आतून अस्तर लावून दिलं, फटींतून समोरचं काही दिसू नये म्हणून. त्यांनी मला तांदूळ-कपूरकचरीचा काढा दिला. उशिरा का होईना आलात, असं म्हणाल्या. मला ते लागलं आणि लागायलाच हवं होतं. दोन दिवसांनी प्रानोतोंनी मंडळाचं काम दुसऱ्या शिंप्याकडे नेलं.

क्लिवोन एका रात्रीत बरा झाला नाही. दोन महिने बाई रोज फेरीला निघण्याआधी त्याच्यापुढे पाण्याचं भांडं ठेवून बसत. कधी तो न्हायचा, कधी पाठ फिरवायचा. एकदा बरा होतोय असं वाटलं आणि आठवड्याने त्याने पुन्हा मांडी सोलली. तेव्हा बाईंनी पुन्हा बस पकडली. पावसाळ्याच्या तोंडाशी पाठीवर काळी पिसं आली, मग पंखाखाली. शेपूट लांबली. छाती मात्र उघडीच राहिली, कैरीच्या कोयीएवढा गुलाबी तुकडा.

जानेवारीत मंडळाची वार्षिक स्पर्धा झाली. बाईंनी नाव नोंदवलं. इतर सगळे खोळ घातलेले पिंजरे घेऊन चालले होते. बाईंनी मैदानाच्या पुढच्या फाटकातून उघडा पिंजरा हातात धरून नेला. एक पंच म्हणाला, हा पक्षी आजारी दिसतो, स्पर्धेत चालणार नाही. बाईंनी डॉक्टर एस्तीची चिठ्ठी पुढे केली आणि विचारलं, "नियमात छातीबद्दल काय लिहिलंय, वाचून दाखवा." नियमात छातीबद्दल काही नव्हतं. फक्त गळ्याबद्दल होतं.

क्लिवोन बाराव्या हुकाला टांगला गेला. चोवीस पक्ष्यांच्या गदारोळात पहिली पाच मिनिटं तो दांडीच्या टोकाला आक्रसून बसला, आणि मला वाटलं की आता बाई त्याला उतरवतील. त्या जागच्या हलल्या नाहीत. मग तो गायला. फार वेळ नाही. दोनदा. पंचांनी त्याच्या हुकाखाली पसंतीचा एकही झेंडा लावला नाही. सेनोपाती पहिला आला.

पंचांनी खूण करताच बाईंनी पिंजरा उतरवला आणि सावलीत नेला. मी जवळ जाऊन म्हणालो, पुढच्या वर्षी बघू.

"पुढच्या वर्षी नाही आणणार," त्या म्हणाल्या. "त्याला इथली गर्दी मानवत नाही, ते मी पाहिलं. माझ्या हाती मुराई टिकला, एवढं मला यांना एकदा दाखवायचं होतं. दाखवलं."

प्रानोतो अजून त्यांच्याशी बोलत नाहीत. पण मंडळातलेच दोघे-तिघे, आपला पक्षी पिसं उपटायला लागला की, काढा घ्यायच्या निमित्ताने बाईंच्या ओसरीवर येतात. बाई त्यांना आधी विचारतात, तुमचा पिंजरा कुठे टांगलाय? आणि मग एस्तीच्या दवाखान्याकडे जाणाऱ्या बसचा नंबर सांगतात.