फ्रीजरमधली शेवटची गार

सदाशिव पेठेतल्या श्रीधर सरांच्या फ्रीजरमध्ये दर उन्हाळ्यात गारांचा एक डबा असे. वळवाच्या पावसात वेचलेल्या गारा ते जूनमध्ये शाळेत नेत आणि भूगोलाच्या तासाला कापून आतले थर दाखवत. निवृत्तीनंतरही शाळेने त्यांचा हा एक तास राखून ठेवला होता. "अहो, यात मटार ठेवायचे की तुमचं आकाश?" असं त्यांच्या पत्नी नीरजाताई दरवर्षी विचारत, आणि डबा स्वतःच धुऊन देत.

यंदा सरांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. एप्रिलमध्ये एका दुपारी अंधारून आलं आणि लिंबाएवढ्या गारा पडू लागल्या. सर गॅलरीत वॉकर धरून नुसते चडफडत होते. दहा मिनिटांनी मारा थांबला.

"थांबल्या बघ. वितळायच्या आत एखादी मोठी आण," ते म्हणाले.

नीरजाताई डोक्यावर पातेलं धरून खाली गेल्या. त्यांनी एक गार उचलून वर सरांना दाखवली, तोच पुन्हा तडतड सुरू झाली. त्या घाईने वळल्या, गारांवरून पाय घसरला आणि डोकं पायरीवर आपटलं. सरांना जिना उतरता येईना. शेजारचा आमोद धावला तेव्हा सगळं संपलं होतं. नीरजाताईंच्या मुठीतली गार त्यानेच फ्रीजरमधल्या डब्यात ठेवली. सरांना हवी असेल, असं त्या भल्या माणसाला वाटलं.

एका ढगामागे दुसरा तयार होत असतो, उघडीप फसवी असते, हे सर चाळीस वर्षं शिकवत आले होते. नेमकं त्या दिवशी विसरले. स्वतःची इतकी चीड त्यांना कधी आली नव्हती.

"सर, यंदा नाही आलात तरी चालेल," जूनमध्ये शाळेतल्या अक्षता मॅडम फोनवर म्हणाल्या. सर डबा घेऊन गेले.

वर्गात त्यांनी गारेवर सुरी टेकवली. गार दुभंगली. आत एक पांढरा थर, एक काचेसारखा, पुन्हा पांढरा.

"ढगात शून्याखालीही न गोठलेले थेंब असतात," ते सांगू लागले. "वर चढणारा वारा गारेला त्यांच्यातून फिरवतो. थेंब चिकटून गोठतात, थर चढतात. वाऱ्याला वजन पेलेनासं झालं की ती खाली येते."

"मग थांबल्या की वेचायला जायचं ना, सर?" पहिल्या बाकावरच्या सृष्टीने विचारलं.

उघडीप फसवी असते हे शिकवूनही, गारा वितळतील म्हणून दरवर्षी ते 'लगेच' म्हणत.

"जायचं नाही," सर म्हणाले. "आणि दुसऱ्या कुणाला तर मुळीच पाठवायचं नाही."