पणजोबा बुडाले नव्हते

मंडळी, आज इथे आखातात, अस्कर गावातल्या साइटवर जेवणाच्या सुट्टीत ईमेल उघडला नि डबा तसाच बंद केला.

आमचे पणजोबा रत्नागिरीकडचे खलाशी. बोटीवरून अमेरिकेला गेले ते परत आलेच नाहीत. बुडाले, असंच सगळ्यांनी धरलं. माझे आजोबा, म्हणजे दादा, तेव्हा आईच्या पोटात होते. दरवर्षी बापाच्या नावाने फातिहा देतात. प्रेत तिकडच्या किनाऱ्याला लागलं असेल तर कबर तरी सापडावी, एवढीच त्यांची आस.

मी अमेरिकेतल्या, जुने कागद जपणाऱ्या एका लायब्ररीला पणजोबांचं नाव लिहून कितीदा विचारलं. दरवेळी, इथले अरब म्हणतात तसं, मफी! काहीच नाही.

रूममेट सलीम म्हणाला, "येड्या, खलाशाचे कागद कोण जपतो? ज्याच्याकडे ते भाड्याने राहायचे, त्या लॉजवाल्याचे माग."

लॉजवाल्याचं नाव दादांनी जुन्या खलाशांकडून ऐकलेलं. तेच कळवलं. आज त्याच्या कागदांतला एक फोटो आला. मागे पणजोबांचं नाव, आमचं गाव, आणि त्याखाली लिहिलेलं 'बायको, मुलगा'. फोटोत गोऱ्या बाईच्या मांडीवर पोरगा. कान अगदी दादांचे.

तेवढ्यात दादांचा व्हिडिओ कॉल. "काय रे, माझ्या बापाची कबर गावली काय?"

"नेट नाय दादा," म्हणून मी कट केला.

संध्याकाळी ते परत करणारच. एकट्याने वाढलेल्या माणसाला भाऊ होता हे सांगायचं, तर बाप जिवंत असून आला नाही हेही सांगावं लागेल.

तुम्ही फोन उचलला असता का?