सरांनी लावून आणलेली धार

बर्फसरांनी आयुष्यात बर्फ पाहिला होता तो रसवंतीतला. भुशात गुंडाळलेली लादी आणि तिच्यावर पडणारे ठोके, एवढाच. तरी उस्मानपुऱ्यातल्या सिमेंटच्या रिंगवर चाकांचं स्केटिंग शिकवताना त्यांच्या तोंडी सारखा बर्फ असायचा. "हे वळण बर्फावर असं बसत नाय. तिथं अंग अजून टाकावं लागतं," हे ते अशा खात्रीनं सांगायचे, जणू कालच जाऊन आलेत. दुष्काळाचं वर्ष, नळाला आठवड्यातून एकदा पाणी, रिंग धुवायची सोय नाही म्हणून आम्ही झाडूनच खेळायचो; आणि आमचे सर बर्फाच्या गोष्टी करायचे. नाव पडायला वेळ लागला नाही.

ते देवगाव रंगारीचे. घराण्यातले पहिले पदवीधर, शाळेत व्यायामशिक्षक. पुढे मीही आमच्या घरातली पहिलीच पदवीधर झाले, त्यामुळे असा माणूस छाती काढून का चालतो ते मला चांगलं ठाऊक आहे. सरांना येत नाही असं जगात काही नव्हतं. अडकलेलं चाक, लचकलेला पाय, मुलीला खेळायला न पाठवणारा बाप, सगळ्यावर उत्तर तयार. माझे वडील वाळूजला कंपनीत हेल्पर होते. सर घरी आले आणि त्यांना म्हणाले, "पोरगी पडंल, उठंल. तुम्ही मधी पडू नका." वडील हसले आणि मी सुटले.

त्या वर्षी दिल्लीजवळच्या एका मॉलमध्ये, खऱ्या बर्फावर, निवडचाचणी होती. निवड झाली की शिबिरात राहून बर्फावरच शिकायला मिळणार होतं. माझ्या वयोगटातलं ते शेवटचं वर्ष. सरांची एक जुनी विद्यार्थिनी परदेशात स्थायिक झाली होती, तिथं बर्फावर खेळायची. तिनं माझ्यासाठी नवे बूट पाठवले. पांढरे, लाकडासारखे कडक, खाली चकचकीत पोलादी पाती. सोबत निरोप होता की पाती कोरी आहेत, धार लावून घ्या.

ते बूट पायाला बसवून घेणं म्हणजे शिक्षा होती. घोटा आत वळायचाच नाही, टाचेची सालटी निघायची. सरांचा हुकूम असा, की पात्यांवर रबरी म्यान चढवून घरात दिवसभर बूट घालूनच वावरायचं, ओले मोजे घालून. ओले मोजे! आई तांदूळ धुतलेलं पाणी जपून ठेवायची आणि त्यात माझे मोजे बुडवायची. मी रडकुंडीला आले की सर म्हणायचे, "दुखतंय ना? बुटाची अन् पायाची बैठक चालूय. लग्न ठरायला टाईम लागतो. तू गप बस." टँकर आला की मी तशीच, बुटांवर डुगडुगत, घागर घेऊन रांगेत. समोरच्या काकू म्हणायच्या, "लई उंच झालीस गं. बघ बरं तिथून, दुसरा टँकर दिसतोय का." रांग हसायची. मी मान ताठ ठेवायची. आणि खरंच, जायच्या आधी बूट माझे झाले. त्यात पाय घातला की तो कुणीतरी धरून ठेवल्यासारखा वाटायचा.

निघायच्या दोन दिवस आधी सर बूट घेऊन गेले आणि धार लावून आले. चाकू-कात्र्यांना धार लावणारा सायकलवाला असतो ना, त्याच्याकडून. कागद धरून पात्यावर ओढून दाखवला, कागद सरळ फाटला. "बघ, तलवार केलीय," म्हणाले. मीही खूश झाले. चाकं शिकलेल्यांना धार काय कळणार?

तिथं पोचल्यावर सरावाआधी एका प्रशिक्षक बाईंनी बूट उलटे केले आणि त्या बघतच राहिल्या. बर्फावरच्या पात्याला तळाशी बारीक खोबण असते आणि तिच्या दोन बाजूंना दोन कडा. खेळाडू एका वेळी एका कडेवर तोलतो. आमच्या पात्याची खोबण गेली होती, मधोमध एकच कड उरली होती. "ये तो चाकू बना दिया. किसने किया?" बाईंनी विचारलं. सर म्हणाले, "मैंने करवाया." लपवलं नाही, एवढं श्रेय त्यांचं. पोलाद इतकं झिजलं होतं की पुन्हा खोबण पाडायला जागाच नव्हती. चाचणी मी भाड्याच्या बुटांवर दिली. वापरून ढिलं पडलेलं कातडं, घोटा धरतच नव्हतं. पहिल्याच वळणाला पडले, मग पडतच राहिले. माझं नाव यादीत येणार नाही हे यादी लागायच्या आधीच कळलं होतं.

परतीच्या गाडीत मी विचारलं, परदेशातल्या ताईला एक फोन का नाही केला? आधी म्हणाले, लागत नव्हता. मग म्हणाले, तिकडं रात्र असते. शेवटी म्हणाले, "तिला मीच शिकवलंय गं. तिला कसं विचारू? अन् तुझ्यासमोर कसं विचारू?"

मग माझ्या मागं विचारायचं होतं, मी म्हणाले. परत आल्यावर मी रिंग सोडली.

पदवीचा निकाल लागला त्या दिवशी सर पेढे घेऊन हर्सूलच्या त्यांच्या घरून आमच्याकडे आले. वडिलांना म्हणाले, पोरीनं नाव काढलं. मी पाया पडले नाही. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "पुढं कायबी अडलं तर विचार."

"विचारीन," मी म्हणाले. "मला विचारायची लाज वाटत नाही."

आई कपबशी हातात धरून उभीच राहिली. सर म्हणाले, "चांगलंय. तेवढं तरी माझ्याकडून शिकलीस."

चहा न घेता गेले. पुढच्या वर्षी ते वारल्याचं कळलं. मी माफ केलेलं नाही. पण ऑफिसात सगळे समजल्यासारखी मान हलवत असतात तेव्हा मी हात वर करून विचारते, आणि सर त्या दिवशी खरं बोलले होते याचा मला दर वेळी नव्यानं राग येतो.